परतलेल्या मुलांचा रकाना कुठे आहे? सीईटी कक्षाला खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, मुंबई
आणि
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग तसेच उच्च व तंत्रशिक्षण विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय: परदेशातून परतलेल्या दहावी-बारावीच्या मुलांची प्रवेशपात्रता आणि शुल्क

महोदय,

मंडणगड तालुक्यातल्या एका मुलीचं उदाहरण घ्या. आईवडील दोघंही तिथलेच. पासपोर्ट भारतीय, वडिलांच्या नावावर सातबारा. वडील ओमानमध्ये एसीच्या कामावर फोरमन होते, त्यामुळे मुलीची दहावी मस्कतच्या सीबीएसई शाळेतून झाली. मग कंपनीने माणसं कमी केली, कुटुंब गावी आलं आणि अकरावी-बारावी तिने रत्नागिरीत केली. ही मुलगी महाराष्ट्राची की बाहेरची?

ज्याला विचाराल त्याचं उत्तर वेगळं. नागपूरच्या व्हीएनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थेत निम्म्या जागा गृहराज्यातल्या मुलांसाठी असतात आणि गृहराज्य बारावी कुठून झाली त्यावर ठरतं. म्हणजे ती महाराष्ट्राची. बारावीही मस्कतलाच झाली असती तरी केंद्राच्या नियमाने तिच्या भारतीय पासपोर्टवरचा कायमचा पत्ता पाहिला असता. पत्ता मंडणगडचा, म्हणजे पुन्हा महाराष्ट्रच. आपल्याच कक्षाच्या इंजिनिअरिंग प्रवेशात ती 'टाइप ए'मध्ये बसत नाही, कारण तिथे दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातून लागतात. पण 'टाइप बी' आहे. उमेदवाराचा स्वतःचा किंवा आईवडिलांपैकी एकाचा महाराष्ट्राचा अधिवास असला की तिथे काम भागतं. म्हणजे इथेही ती महाराष्ट्राची.

आणि मेडिकलला? राज्याच्या 85 टक्के जागांसाठी दहावीही महाराष्ट्रातल्याच शाळेतून झालेली हवी. तिची झालेली नाही. त्यामुळे रत्नागिरीत 2023 मध्ये सुरू झालेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, जे तिच्या ज्युनिअर कॉलेजच्याच शहरात आहे, राज्याच्या यादीतून तिला जागा मिळू शकत नाही. नीटमध्ये कितीही गुण असोत.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. निवृत्त झाल्यापासून रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतल्या मुलांचे प्रवेशाचे फॉर्म भरून द्यायला मदत करते. खेड, दापोली, श्रीवर्धन, महाड या पट्ट्यात कुवेत-सौदी-ओमानला माणूस नसलेली वाडी शोधावी लागेल. त्यामुळे परतलेली मुलं माझ्याकडे दरवर्षी येतात, आणि आपली माहितीपुस्तिका मला जवळजवळ पाठ झाली आहे. (ती दरवर्षी थोडी जाड होते. सोपी मात्र होत नाही.)

परत येणारं कुटुंब म्हटलं की मंत्रालयात बहुधा न्यू जर्सीहून आलेलं कुटुंब डोळ्यांसमोर येत असावं. तीही असतात. अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की नवी शोधायला किंवा देश सोडायला साधारण 60 दिवस मिळतात. त्या 60 दिवसांत कोणाच्या मुलाची अकरावी अर्धी असते, कोणाची दहावी. पण कोकणात येणारी बहुतेक मुलं आखातातून येतात आणि त्यांच्या परतण्यामागची कारणं फार साधी असतात. सौदी अरेबियाने जुलै 2017 पासून परदेशी कामगाराच्या प्रत्येक आश्रितावर महिना 100 रियाल शुल्क लावलं आणि ते दरवर्षी वाढवत 2020 मध्ये 400 रियालवर नेलं. बायको आणि तीन मुलं असलेल्या माणसाचा हिशेब करा. महिना 1,600 रियाल, म्हणजे आजच्या भावाने 35 हजार रुपयांच्या वर, फक्त कुटुंब सोबत ठेवण्याचे. वडिलांची नोकरी शाबूत राहिली आणि बायकामुलं गावी आली, अशी घरं मी स्वतः पाहिली आहेत. 2020 मध्ये तर कोविडच्या काळात वंदे भारत मोहिमेच्या विमानांनी जे परत आले, त्यांना पुढचं वर्ष कुठे काढायचं हे ठरवायलाही सवड नव्हती.

यातलं काहीही पंधरा वर्षांच्या मुलाने ठरवलेलं नसतं, आणि नियम मात्र त्याच वर्षावर बोट ठेवतो.

दहावीची अट कशासाठी आली, हे मला ठाऊक आहे आणि तिच्यामागचा हेतू मला पटतो. बाहेरच्या राज्यातली मुलं बारावीपुरती नावाला इथल्या कॉलेजात दाखल व्हायची, डोमिसाइलचे दाखले काढले जायचे आणि इथल्या मुलांच्या जागा जायच्या. दहावी आणि बारावी दोन्ही इथूनच, अशी अट घातली की पत्ता विकत घेऊन भागत नाही. ठीक. पण या अटीला आपणच अपवाद केले आहेत. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या, सैन्यदलांतल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी वेगळी कलमं आहेत, कारण त्यांच्या बदल्या त्यांच्या हातात नसतात. आणि त्या कलमांतही इतक्या फटी की सीमा सुरक्षा दलातल्या जवानाच्या मुलाला आपली जागा मिळवायला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, 2024 मध्ये. सरकारी बदली माणसाच्या हातात नसते, हे आपण मान्य करता. मग दम्मामच्या कंपनीने दिलेली निरोपाची चिठ्ठी माणसाच्या हातात असते का?

"अखिल भारतीय 15 टक्के कोटा आहे की," असं एका काउंटरवर मला सांगण्यात आलं. आहे. तो कोटा सगळ्या देशाला खुला आहे आणि तिथली स्पर्धाही सगळ्या देशाशी आहे. मंडणगडच्या मुलीला केरळ-दिल्ली-राजस्थानच्या मुलांशी भिडायला लावून, शेजारच्या वर्गातल्या तिच्या मैत्रिणीला मात्र राज्याची यादी वेगळी ठेवायची, याला 'सोय आहे' कसं म्हणायचं?

मग उरतात अभिमत (डीम्ड) विद्यापीठं आणि एनआरआय, म्हणजे अनिवासी भारतीयांचा, कोटा. इथून शुल्काचा प्रश्न सुरू होतो. सरकारी मेडिकलचं वर्षाचं शुल्क दीड लाखाच्या आसपास. राज्यातल्या कित्येक अभिमत विद्यापीठांत तेच 20 लाखांच्या वर. एनआरआय कोट्याचा उगम 2005 च्या पी. ए. इनामदार निकालात आहे: खाजगी विनाअनुदानित संस्थांना 15 टक्क्यांपर्यंत जागा अनिवासी भारतीयांच्या मुलांसाठी ठेवायला कोर्टाने मुभा दिली, आणि त्या खरोखरच अनिवासी भारतीयांसाठी असाव्यात, असंही बजावलं. शुल्क नेहमीच्या कित्येक पट. 2024 मध्ये पंजाबने मामे-चुलत नातेवाइकांनाही या कोट्यात घुसवायचा प्रयत्न केला तेव्हा सुप्रीम कोर्टाने काय शब्दांत सुनावलं ते आपल्याला आठवत असेल. मला त्यातली उलट गंमत दिसते. ज्याचा लांबचा काका कॅनडात आहे त्याला एनआरआय ठरवायला धडपड चालते, आणि जे कुटुंब खरोखर परदेशात राहून आलं आहे ते एनआरआयही ठरत नाही. कारण आयकर कायद्याप्रमाणे माणूस वर्षात 182 दिवस भारतात राहिला की तो निवासी. परतून दोन वर्षं झालेला बाप तर पक्का निवासी. आखाती देशांतील भारतीय कामगारांच्या मुलांसाठी अभियांत्रिकीत 5 टक्के अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा जादा) जागा आहेत, त्याही अशाच: बाप तिथे कामाला आहे, असं दाखवणारा कागद लागतो. काम सुटलं की पोरगी त्या रकान्यातूनही बाहेर.

बाप तिथे असेपर्यंत कोटा आहे, बाप इथलाच असता तर राज्याची यादी होती. बाप परत आला की दोन्ही दारं बंद. हा अनुभव इतका पसरला आहे की नियम माहीत असलेली घरं आता आठवीतच कुटुंबाची वाटणी करतात. आई आणि मुलं दापोलीला भाड्याच्या खोलीत, बाप जेद्दाहला बॅचलर कॅम्पमध्ये. फक्त दहावीच्या मार्कशीटवर महाराष्ट्रातल्या शाळेचं नाव यावं म्हणून.

आता फी-सवलतीकडे वळते. शिष्यवृत्त्यांचं पुष्कळ चांगलं काम राज्याने केलं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने इतर मागासवर्ग, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटांतल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी मिळू लागली. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलींपैकी काहींचं इंजिनिअरिंग केवळ त्यामुळे चालू आहे. पण उत्पन्नाचा दाखला मिळतो मागच्या आर्थिक वर्षाचा. मागच्या वर्षी बाप कुवेतला दिनार कमवत होता, या वर्षी घरी बसला आहे. काही तहसील कार्यालयं कुवेतचा पगार धरतात आणि 8 लाखांच्या वर गेलात म्हणतात. काही म्हणतात, तुमचं भारतात उत्पन्नच नाही, आयकर विवरणपत्र नाही, फॉर्म 16 नाही, मग दाखला कशाच्या आधारावर द्यायचा? अनिवासी माणसाचा परदेशातला पगार भारतात करपात्रच नसतो, त्यामुळे तो विवरणपत्र आणणार कुठून, हे सेतूच्या खिडकीवर समजावून सांगायला मी दोन-तीनदा उभी राहिले आहे. एकदा समजलं. इतर वेळी "साहेब आल्यावर बघू".

डोमिसाइलचीही तीच तऱ्हा. 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. बाप याच तालुक्यात जन्मला, शिकला, मतदान करून गेला. पण गेली 16 वर्षं बाहेर होता. लाईट बिल भावाच्या नावावर, रेशनकार्डातून नाव वगळलेलं. पोटासाठी बाहेर गेल्याने कायमचं घर बदलत नाही, एवढं तरी प्रत्येक तहसीलदाराला एका परिपत्रकाने सांगता येईल. आज एका तालुक्यात पासपोर्टवरचा पत्ता आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला चालतो, शेजारच्या तालुक्यात चालत नाही.

ओसीआय कार्ड असलेल्या, म्हणजे भारतीय वंशाच्या पण परदेशी नागरिकत्वाच्या, मुलांचा गोंधळ आणखी वेगळा. 4 मार्च 2021 च्या केंद्रीय अधिसूचनेने त्यांना एनआरआयच्या बरोबरीला बसवलं. मग फेब्रुवारी 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही अधिसूचना मागे जाऊन लागू होणार नाही, आधी कार्ड मिळालेल्यांचे हक्क राहतील. जेईई ॲडव्हान्स्डची पुस्तिका हे स्वच्छ एका परिच्छेदात लिहिते. आपल्या पुस्तिकेत ते तितक्याच स्वच्छ मराठीत यावं, एवढंच.

आता वेळापत्रक. केंब्रिजच्या मे-जूनच्या परीक्षांचे निकाल ऑगस्टच्या मध्याला लागतात, दहावीच्या तोडीच्या आयजीसीएसईचेही आणि बारावीच्या तोडीच्या ए-लेव्हलचेही. आपली अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया, जी 2025-26 पासून सगळ्या राज्याला लागू झाली, तोवर बहुतेक फेऱ्या उरकून बसलेली असते. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेशाच्या) फेऱ्याही निम्म्या झालेल्या असतात. त्यात समकक्षतेचा (परदेशी परीक्षा इथल्या परीक्षेच्या बरोबरीची असल्याचा) दाखला, दूतावासाच्या शिक्क्याचं टीसी, बोर्डाचं पात्रता प्रमाणपत्र. अकरावीत शेवटच्या फेरीला आलेल्या मुलाला उरलेलं कॉलेज मिळतं, त्याचे गुण कितीही असोत. हे मात्र कोणाचं वाकडं न करता सुटण्यासारखं आहे: निकाल येईपर्यंत शाळेने दिलेल्या अंदाजित श्रेणीवर तात्पुरता प्रवेश द्या आणि ऑगस्टअखेर कागद आले नाहीत तर रद्द करा.

मेडिकलच्या अटीबद्दल माझी मागणी अशी. इंजिनिअरिंगमध्ये आपण जे कित्येक वर्षं चालवलं आहे, तेच थोडं आवळून मेडिकलला आणा. दहावी परदेशातून झाली असेल, विद्यार्थी भारतीय नागरिक असेल, आईवडिलांपैकी एकाचा महाराष्ट्राचा अधिवास असेल आणि अकरावी-बारावी दोन्ही वर्षं त्याने महाराष्ट्रात नियमित शिकून पूर्ण केली असतील, तर त्याला राज्याच्या यादीत घ्या. दुसऱ्या राज्यातून आलेल्यांसाठी दहावीची अट आहे तशी राहू द्या. मी ती सैल करायला सांगत नाही. परदेशातून आलेल्याचा माग काढणं त्या मानाने सोपं आहे. पासपोर्टवर शिक्के असतात, रेसिडेन्स व्हिसा रद्द झाल्याचा कागद असतो. पत्ता विकत घेता येतो, दहा वर्षांचे इमिग्रेशनचे शिक्के विकत घेणं अवघड आहे.

यावर येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो माझ्याच जुन्या सहकाऱ्यांनी घेतला. चंदगड, सुरगाणा, मोखाड्याच्या मुलाने कुठे जायचं? दुबईतल्या एसी वर्गात शिकून, परदेशी कमाईवर क्लास लावून आलेली मुलं त्याच्या जागा खातील. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. आखातातही सगळे फोरमन नसतात. बँकेतले मॅनेजर असतात, स्वतःचे धंदे असलेले असतात, आणि त्यांच्या मुलांना सवलतीची गरज नाही. अमेरिकेतून आलेल्या दोन पगारांच्या घरांबद्दल तर मला फारशी कळकळ वाटत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून पात्रता आणि सवलत वेगळी ठेवा. राज्याच्या यादीत नाव येणं हा पात्रतेचा प्रश्न. तिथे गुणवत्ता यादी आपलं काम करेल. शुल्कमाफी हा उत्पन्नाचा प्रश्न. तिथे 8 लाखांची रेघ आपलं काम करेल, फक्त ती परतल्याच्या तारखेपासूनच्या उत्पन्नावर ओढा. आणि तरीही धास्ती वाटत असेल तर सुरुवातीला मर्यादा घाला, तीन वर्षं चालवून पाहा, किती मुलं आली आणि कुठल्या उत्पन्नगटातली आली ते आकडे जाहीर करा. माझा अंदाज आहे की संख्या पाहून आपल्यालाच नवल वाटेल, इतकी ती कमी असेल. पण माझ्या अंदाजावर धोरण ठरवू नका, मोजा.

केरळने अनिवासी केरळीयांसाठी वेगळं खातं 1996 मध्येच काढलं. परतणाऱ्या माणसाने कुठे जायचं, हे तिथे निदान सांगता येतं. आपल्याकडे परतलेला माणूस शिक्षण मंडळ, तहसील, विद्यापीठ, सीईटी कक्ष आणि दिल्लीतलं समकक्षतेचं कार्यालय यांच्यात फिरत राहतो. वेगळ्या खात्याची मागणी मी या पत्रात करत नाही, त्याला वेळ लागेल. आपल्या कक्षात प्रवेशाच्या तीन महिन्यांपुरती एक मदतखिडकी आणि एक फोन नंबर, जिथे बोलणाऱ्या माणसाने नियम वाचलेला असेल, इतकं या वर्षीही जमू शकतं.

आणखी एक. नियम बदलायचा असेल, कुठल्याही दिशेने, तर तो नववीत असलेल्या मुलांपासून लागू करा. बारावीच्या मुलाला मे महिन्यात कळावं की तीन वर्षांपूर्वीची त्याची शाळा चालणार नाही, असं यापुढे कोणाच्याही बाबतीत होऊ नये. ना परतलेल्यांच्या, ना इथल्यांच्या.

माझ्याकडे आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या इतर शिक्षकांकडे अशा मुलांचे अर्ज, नाकारल्याची पत्रं आणि तालुक्यातालुक्यात वेगवेगळे मागितलेले कागद यांच्या प्रती आहेत. पालकांच्या संमतीने, नावं झाकून त्या आपल्याकडे द्यायची आमची तयारी आहे. पुढच्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेचा मसुदा पक्का होण्याआधी अर्ध्या तासाची वेळ द्यावी. मुंबईला आम्ही येऊ.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
रत्नागिरी जिल्हा